रुमालाखालची बटणं

“आज ट्रेबल पार मारून ठेवलंय. बघू, बाईसाहेबांना कळतंय का.”

आवाज सरांचा होता. मी हॉलच्या पायरीवर एक चप्पल काढून दुसरीचा पट्टा सोडवत होते. खांद्याला गिटार होती. आतून सरांचा भाचा हसला. “नाही कळणार, मामा. तिला वाटेल, आपली बोटंच तसली.”

पट्टा सोडवायला मी आणखी थोडा वेळ लावला. मग आत गेले, दोघांना सलाम म्हटलं आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

भिंगारला आमच्या देवळाला लागून हा लांबट हॉल होता. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो. नाताळ जवळ आला की रोज संध्याकाळी हॉलमध्ये गाण्यांची तालीम व्हायची आणि ती सर घ्यायचे. सर मराठी शाळेत शिकवत. त्यांची मान आखूड होती. रागावले की ती अजिबात नाहीशी व्हायची आणि डोकं सरळ खांद्यांवर ठेवल्यासारखं दिसायचं. मी खाली मान घालून बसते, मला काही दिसत नाही, असं सगळ्यांना वाटे. मला बरंच दिसत असे.

सरांच्या खुर्चीशेजारी अ‍ॅम्प्लिफायर असे. नगरच्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून देवळाच्या मंडळीने तो बनवून घेतला होता. हिरवं रेक्झिन लावलेलं लाकडी खोकं, पुढे जाळीचं कापड, वर तीन काळी बटणं: एक आवाजाचं, एक जाड सुरांसाठी बासचं, एक बारीक सुरांसाठी ट्रेबलचं. प्रत्येक बटणावर पांढरी खूण होती. गिटारच्या पोटातल्या भोकावर एक पट्टी बसवायची, तिची वायर खोक्यात खुपसायची, आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं. मग हॉलभर ऐकू जायचं.

मी वाजवायला लागले. सूर गोधडीखालून आल्यासारखा आला. मी वर न बघता बटणांकडे बघितलं. ट्रेबलची पांढरी खूण पार खालच्या टोकाला गेली होती, आणि बासची वरच्या.

“काय गं,” सर म्हणाले, “गिटार वाजवतेस का कणीक तिंबतेस?”

पोरी हसल्या. माझ्या शेजारी बसणारी, नर्सिंग शिकणारी मुलगी सगळ्यांच्या नंतर हसली आणि सगळ्यांच्या नंतर थांबली.

“पुन्हा घे. आणि जरा जेवून येत जा घरून.”

मी पुन्हा घेतलं. पुन्हा तसंच आलं. मग भाच्याची पाळी. तो माझीच गिटार मागून घ्यायचा, कारण त्याची स्वतःची नव्हती. सरांनी नाक खाजवल्यासारखा हात बटणांवरून फिरवला, आणि त्याच तारांमधून चांदीच्या वाटीवर चमचा वाजावा तसा आवाज निघाला. “बघ,” सर मला म्हणाले, “वाद्य तेच आहे.”

सरांचा माझ्यावरचा राग पहिल्याच दिवशी बसला होता, आणि तो एका मात्रेवरून. अ‍ॅम्प्लिफायर नवा आला तेव्हा त्यांनी बटणांखाली कागदाची पट्टी चिकटवून वळणदार अक्षरांत लिहिलं होतं: आवाज, बास, ट्रेबल. मी शेजारच्या मुलीच्या कानात विचारलं, “हे ‘बेस’ असतं ना?” विचारलं म्हणजे खरंच विचारलं. मी कॅन्टोन्मेंटमधल्या इंग्रजी शाळेत शिकलेली. हे शब्द तिथे जसे कानावर पडले तसे मला ठाऊक होते. ती मुलगी ताडकन म्हणाली, “सर, ही म्हणतेय तुमचं चुकलंय. बास नाही, बेस.”

सरांनी पट्टीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बेस?” ते म्हणाले. मग खेड्यातल्या म्हाताऱ्याचा आवाज काढून, “बेस बेस! लई बेस झालं बगा!” हॉल हसून लोळायला लागला. आमच्यातले अर्धे लोक खेड्यांतून आलेले, त्यांच्या घरात चांगलं ते सगळं बेसच असायचं. सर स्वतः हसत नव्हते. “बाईसाहेबांचं बरोबरच असणार. आपण पडलो गावठी.” आणि मान नाहीशी झाली.

त्याच संध्याकाळी त्यांनी मला बटणांपाशी बसवलं. “आवाज वाढव. अजून. अजून थोडा. बास!”

तो शब्द मला येत नव्हता असं नाही. घरी आई दिवसातून शंभरदा म्हणायची. पण मघापासून मी पट्टीवरच्या त्याच तीन शब्दांकडे बघत होते. कानात बास पडलं, डोळ्यांपुढे बास होतं, आणि मी ते बटण धरून शेवटपर्यंत फिरवलं. गिटार मांडीवर होती, तिचं तोंड खोक्याकडे. खोक्यातून बैल हंबरावा तसा आवाज उठला आणि वाढतच गेला. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पत्नींनी छातीवर हात धरला. पुढे बसलेल्या एका लहान मुलीने सतरंजी ओली केली. सरांनी उडी मारून वायर उपटली.

“बास म्हणजे थांबायचं,” ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, “हे यांच्या शाळेत शिकवत नाहीत. आजपासून हिने मशीनला हात लावायचा नाही.” खुर्ची ओढून ते स्वतः अ‍ॅम्प्लिफायरशेजारी बसले, आणि ती त्यांची जागा झाली.

पोरी मला बास म्हणायला लागल्या. बाजारातून जाताना पाठीमागून हाका यायच्या, “ए बास, थांब की गं!” एकदा सरांनी विचारलं, घरी सराव करतेस का, आणि मी म्हणाले, “हो सर, रोज गिटार खेळते.” माझ्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं आणि बाहेर येताना त्याचं कुठलंतरी हाड मोडायचं. “खेळतेस?” सर म्हणाले. “आणि विटीदांडू वाजवतेस वाटतं?” त्यानंतर मी तालमीत ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलायचं बंद केलं. त्यांना तेही चाललं. गप्प माणसावर विनोद करायला सोपं जातं.

तालीम सोडून घरी बसणं मला शक्य नव्हतं. त्या नाताळच्या कार्यक्रमाला श्रीरामपूरहून एका मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार होत्या. त्यांना वसतिगृहात राहून मुलींना गाणं शिकवणारी बाई हवी होती. पाळकसाहेबांनी त्यांच्याकडे माझं नाव काढलं होतं आणि सरांना सांगून कार्यक्रमात मधेच माझी एकटीची एक धून ठेवून घेतली होती. मॅडमनी ऐकायचं आणि ठरवायचं.

आणि घरी खर्डा गावचं स्थळ आलेलं होतं. दवाखान्यातला कंपाउंडर, पहिली बायको वारलेली, दोन मुलं. मी त्यांना एकदाच बघितलं. चहा पिताना त्यांनी बशी संपल्यावर ती बोटाने पुसून बोट चाटलं, आणि मला विचारलं, “लहान मुलांची सवय आहे ना?” ते गेल्यावर आई म्हणाली, “माणूस वाईट नाही. पीत नाही, मारणारही नाही.” वडील लष्कराच्या डेपोत क्लार्क होते. लढाईनंतर बदली होऊन गेलेल्या एका अधिकाऱ्याच्या पत्नीने जाताना ती गिटार आमच्याकडे ठेवून दिली होती, आणि वडिलांना तिचा अभिमान होता. ते म्हणाले, “श्रीरामपूरचं झालं तर खर्ड्याला थांबा म्हणू. नाही झालं तर नाताळनंतर हो कळवू.” आईने पदराने चहाचा डाग पुसला. “म्हणजे हो कळवूच,” ती म्हणाली.

त्यामुळे दाराबाहेर ते वाक्य ऐकलं तेव्हा मी आत जाऊन काही बोलले नाही. काय बोलणार होते? पाळकसाहेबांना सांगावं, की सर बटण फिरवतात? ते विचारायला आले असते, सरांनी बटण जागेवर आणून दाखवलं असतं, आणि वर म्हणाले असते, बोटं चालत नाहीत म्हणून मशीनवर ढकलते. शिवाय एवढी एकच गोष्ट माझ्याकडे होती, की मला कळलंय हे त्यांना कळलेलं नव्हतं. ती मी गाठीला बांधल्यासारखी जपली. आता वाटतं, जपण्यासारखं तीत काही नव्हतं.

मी वेगळे उपाय केले. तारा जिथे खाली बांधलेल्या असतात त्या पट्टीजवळ हात नेऊन छेडायला लागले, तिथे सूर पातळ आणि धारदार निघतो. बोटांऐवजी नखं लावली. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी बास आणखी चढवलं. माझ्या नखांचा आवाज त्या घुमण्यात बुडून गेला. “आता कणकेत पाणी जास्त झालं,” ते म्हणाले. गाण्यातलं त्यांना खरोखर कळत होतं. कळत नसतं, तर इतकं नेमकं बिघडवता आलं नसतं.

एका दुपारी हॉल झाडणाऱ्या मावशींकडून मी किल्ली मागून घेतली. त्या वर्षी पाण्याची सगळीकडे ओरड होती, आणि मावशींना टँकरच्या रांगेत उभं राहायचं होतं. “लवकर आटप गं बाई,” त्या म्हणाल्या, “घागर ठिवून आलीय मी, कुनी ढकलून दिली म्हंजी?” त्या गेल्या आणि मी अ‍ॅम्प्लिफायर लावला.

व्हॉल्व्ह तापले, खोक्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. आधी मी खुर्ची वळवली, गिटारचं तोंड खोक्याकडून भिंतीकडे केलं. मग तिन्ही खुणा मध्यावर आणून सगळ्यांत जाड तार छेडली. तिचा आवाज सुटा होत नव्हता, तो खोक्यातच फिरत राहायचा आणि पुढच्या सुराच्या अंगावर पडायचा. मी बास थोडं खाली घेतलं, छेडलं, ऐकलं, आणखी खाली घेतलं. फार खाली गेल्यावर गिटारचं लाकूडच नाहीसं झालं, नुसती तार उरली, डब्याला बांधलेल्या तारेसारखी. परत किंचित वर. तिथे एक जागा होती, खुणेच्या जाडीएवढीच, जिथे जाड तार वाजून संपायची आणि लाकूड मात्र ऐकू यायचं. ते बटण मी तिथेच सोडलं.

ट्रेबलला जास्त वेळ गेला. वर नेत गेले तसं आधी बोट तारेवरून घसरल्याचं कुरकुरणं ऐकू आलं. मग नखाची टिचकी. मग माझा श्वाससुद्धा ऐकू येतोय की काय असं वाटायला लागलं. तिथून मागे फिरले. कुरकुर गेली पण टिचकी राहिली, आणखी मागे, टिचकीही सुरात मिसळली. मी धून सुरुवातीपासून वाजवली. हॉलच्या पार टोकाच्या भिंतीवरून सूर स्वच्छ परत आले. इतके दिवस मी जी ऐकत होते ती गिटार ही नव्हती. आणि माझी बोटं बरी होती. अगदी बरी होती.

“छान लागलंय,” कुणीतरी म्हणालं.

दारात भाचा उभा होता, हाताची घडी घालून. किती वेळ होता कोण जाणे.

“तुला कळलं होतं तर,” तो म्हणाला.

मी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

“मनावर घेऊ नकोस गं. मामांची गंमत असते ती. माझीही करायचे लहानपणी.” त्याने जवळ येऊन बटणांच्या खुणा नीट बघून घेतल्या. “मी नाही सांगत त्यांना. पण नाताळच्या दिवशी तेवढं मी हीच जागा धरून वाजवलं तर चालेल ना? माझ्या गाण्याला फार शोभेल.”

संध्याकाळी तालमीला गेले तर बटणांवर सरांचा मोठा चौकड्यांचा रुमाल पसरलेला होता. पोपटाच्या पिंजऱ्यावर रात्री टाकतात तसा. सर रुमालाखाली हात घालून बटणं फिरवत होते.

“उंदीर झालेत हॉलमध्ये,” ते म्हणाले. “दुपारी येऊन बटणं कुरतडतात.” आणि मग मावशींना सगळ्यांदेखत बोलावून, किल्ली कुणाला दिली म्हणून इतकं बोलले की त्या पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या. मावशींनी माझ्याकडे बघितलं. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. भाचा तारा सुरात लावत होता, माझ्या गिटारच्या.

नाताळचा कार्यक्रम झाला त्या संध्याकाळी हॉलमध्ये पताका होत्या आणि दिव्यांचा प्रकाश पिवळा, मरगळलेला होता. वीज कमी दाबाची यायची. श्रीरामपूरच्या मॅडम पहिल्या रांगेत बसल्या होत्या. सडपातळ, पांढरी साडी, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्यांच्या मागच्या रांगेत आई आणि वडील. आईने चांगलं पातळ नेसलं होतं.

भाच्याचं गाणं माझ्या आधी झालं. त्याने मी शोधलेल्या जागेवर बटणं ठेवून घेतली होती. मला पहिल्याच सुराला ओळखू आलं. बासची ती जागा, ट्रेबलची ती जागा, तंतोतंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम शेजारच्या पाळकसाहेबांकडे झुकून काहीतरी कौतुकाचं बोलल्या. मग त्याने गिटार माझ्या हातात दिली आणि हळूच म्हणाला, “गरम करून दिलीय.”

मी बसले. रुमालाखाली सरांचा हात हलला.

मी सबंध धून वाजवली. एकही सूर चुकला नाही, आणि एकही पोचला नाही. घूं, घूं, घूं. जाड तारा पातळ तारांच्या अंगावर पडत होत्या. मागच्या बाकांवर लोक बोलायला लागले. एका बाईने मुलाला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, “थांब रे, आत्ता संपेल.” मॅडमनी मान एका बाजूला कलती केली, कमी ऐकू येणारी माणसं करतात तशी. थोड्या वेळाने त्यांनी ती सरळ केली. ऐकायचा प्रयत्न त्यांनी सोडला, तो क्षण मला दिसला. मी शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या पडल्या, सहानुभूतीच्या.

त्यानंतर चहा होता. कुणी उठलं, कुणी बसून राहिलं. मॅडम पुढे आल्या. त्यांचा आवाज मऊ होता, आणि तोच मला सगळ्यांत लागला.

“मुली, तू मेहनत घेतली आहेस. पण आमचा हॉल मोठा आहे. मागच्या मुलींना ऐकूच आलं नाही तर त्या गातील कशा?”

“आम्ही पुष्कळ खटपट केली, मॅडम,” सर खुर्चीतूनच म्हणाले. त्यांचं कोपर रुमालावर टेकलेलं होतं. “पण मशीन तरी काय करणार? मुळात हातच मुका. मघाशी ऐकलंत ना, वाद्य तेच. स्वभावच असा आहे हिचा. घरातही बोलत नाही म्हणे.”

“नाही बोलत,” आई मागून म्हणाली. ती माझ्या जवळ आली होती. “चल, पिशवीत घाल ती गिटार. खर्ड्याला कुणाला ऐकायचीय?” ती हे हसून म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा होती. वडील आपल्या बुटांकडे बघत होते. शेजारच्या मुलीने कुणाच्या तरी कानात ‘कंपाउंडरीण’ म्हटलं आणि दोघी खुदखुदल्या.

“देव तुझं भलं करो,” मॅडम म्हणाल्या. पर्स काखेला लावून त्या दाराकडे वळल्या. शेवटची गाडी चुकायला नको होती.

माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं. या वेळी ते आधी इंग्रजीत आलं नाही. मी गिटार उचलली, वायर अजून तिच्यातच होती, आणि अ‍ॅम्प्लिफायरपाशी जाऊन सरांच्या खुर्चीसमोर उभी राहिले. सरांनी वर बघितलं. ते हसत होते. मान अजून जागेवर होती.

मी इतक्या मोठ्याने बोलले की दारापाशी चहा वाटणारी माणसं थांबली.

“मॅडम, तुम्ही बसा. सर, तुम्ही उठा.”